अकरा दोऱ्यांवरची साखर

ललित गेल्याचा फोन आला तेव्हा कामिनी तुरीची डाळ निवडत होती. फोन ठेवून तिने सुपात उरलेली डाळ निवडून पूर्ण केली. खडे वेगळे काढले, डाळ डब्यात भरली, झाकण घट्ट लावले आणि मग सासूला हाक मारली. तिने हे कोणाला सांगितले नाही, पण गावाला कळायचे ते कळले, कारण शेजारची निर्मलाबाई विरजण मागायला येऊन समोरच बसलेली होती. "माय व," निर्मलाबाई नंतर बायकांत म्हणाली, "हाईनं दाळ पुरी निवडी. मी पाहेल शे."

सारंगखेड्याच्या अलीकडे, तापीच्या काठाला धरून असलेले हे गाव. केळी, कापूस, ऊस. रतिलाल नानांचे घर जुन्या गुजर वस्तीतले; पुढे ओटा, मागे परसदार, आणि रस्त्याला लागून एक लांबट खोली. नानांचा मुलगा ललित, कामिनीचा नवरा, शेतीत रमला नाही. त्याने गोळ्या-बिस्किटांची एजन्सी घेतली होती. छोट्या टेम्पोत बरण्या भरून तो गावोगावच्या दुकानांना माल द्यायचा, शहाद्याकडची खेडी करत करत पार तोरणमाळच्या घाटाच्या पायथ्यापर्यंत. वय सदतीस. शहाद्याला एका दुकानासमोर टेम्पो उभा करून तो आत बसला होता, तो उतरलाच नाही. दुकानदाराने काचेवर दोनदा टकटक केली, मग दार उघडले.

हे चैत्रात झाले. त्यानंतर घरात माणसे येत राहिली, आणि येणारा प्रत्येक जण कामिनीला एकच प्रश्न विचारी. कोणी हात धरून विचारी, कोणी डोक्यावरून हात फिरवून, कोणी नुसते डोळ्यांनी. काय वाटतंय? ती खाली पाही. तिला काही वाटत नव्हते. भाकरी थापताना हात चालत, पाणी भरताना कंबर वाके, रात्री डोळे मिटत. आत एक रिकामी पेटी असावी आणि तिच्यावर कोणी वाजवले तर लाकडाचाच आवाज यावा, तसे. ती रडली नव्हती. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. बायकांनी तिला कवेत घेऊन हुंदके दिले तेव्हा त्यांच्या खांद्यांमधून तिला समोरच्या भिंतीवरचे कॅलेंडर दिसत होते आणि एप्रिलचे पान उलटायचे राहिले आहे हे तिच्या लक्षात आले होते.

रस्त्याकडच्या खोलीत ललितचा माल तसाच पडला होता. खोके एकावर एक, प्लॅस्टिकच्या बरण्या, आंब्याच्या, संत्र्याच्या, लिंबाच्या गोळ्या, पेपरमिंट, चिंचेच्या आंबट गोळ्या, आणि लहान मुलांच्या त्या रंगीत बटन गोळ्या. नानांना केळीचा भाव कळे, गोळ्यांचा धंदा कळत नसे. त्यांनी खोलीला कुलूप लावले. सासू, जसोदाबाई, तर त्या दारावरून जातानाही पदर पुढे ओढून घेई. मुलगा गेल्यापासून तिने त्या खोलीत पाऊल ठेवले नव्हते.

शिवाय घराचे वर्ष चालू होते. या घराण्यात माणूस गेला की वर्षभर घरात गोड होत नाही. कढई चढत नाही, पाक होत नाही, पुरणाला चूल लागत नाही. चहातली साखर कोणी मोजत नाही, ती सोडून दिलेली. पण हाताने केलेले, चुलीवरून उतरलेले गोड नाही. वर्ष भरले की सुनेचा भाऊ पेढ्यांचा पुडा घेऊन येतो आणि आधी बहिणीच्या, मग सासूसासऱ्यांच्या तोंडात घालतो. घराचे तोंड गोड झाले, असे म्हणतात. त्या दिवसापासून दुःख उठले. कामिनीचा धाकटा भाऊ हेमकांत लोणखेड्याला असतो. त्याने तिथीही काढून ठेवली होती. कामिनीला या दिवसाची एक भीती होती, आणि तेव्हा तिला काही वाटत असेल तर ती भीतीच. दुःख उठवायला माणसे येतील, आणि तिचे तर अजून बसलेच नव्हते.

दिवाळी आली नि गेली. मार्गशीर्षात सारंगखेड्याला घोड्यांची यात्रा भरली. दरवर्षी यात्रेच्या दुकानांना ललितचा माल जाई; त्या वर्षी दुसऱ्या कोणाचा गेला. यात्रेनंतरच्या सोमवारी मुलगी रंजिता शाळेतून आली, चौथीत होती, आणि म्हणाली, "आई, घरी करायचा एक प्रयोग सांगितलाय. घरातल्या वस्तूंनी."

"मग लिंबू घे."

"लिंबू सगळे घेणार." रंजिताने खोलीच्या कुलपाकडे पाहिले. "आपल्या घरात गोळ्या आहेत."

कामिनीने नानांकडून किल्ली मागून घेतली. एक खोका फोडला. पांढऱ्या थाळीच्या काठाने बटन गोळ्या गोल मांडल्या, एक लाल, एक पिवळी, एक हिरवी, आणि मधोमध कोमट पाणी हळूच ओतले. दोघी वाकून बघत राहिल्या. गोळ्यांचा रंग सुटला आणि पाण्यातून मधल्या बिंदूकडे सरकू लागला. प्रत्येक रंगाची आपली पट्टी. लाल आणि पिवळा एकमेकांना भिडले, पण मिसळले नाहीत. मध्ये सुरीने कापल्यासारखी रेघ.

"मिसळत का नाहीत?" रंजिताने विचारले.

कामिनीला उत्तर येत होते. लोणखेड्याच्या कॉलेजात तिने रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. केले होते, आणि पदवीचा कागद लग्नाच्या साड्यांच्या घडीत चौदा वर्षे पडून होता. दोन्हीकडच्या पाण्यात विरघळलेली साखर जवळजवळ सारखीच आहे, म्हणून कोणी कोणाकडे ढकलले जात नाही, असे काहीसे ती म्हणाली. बोलताना आपला आवाज तिला नीट ऐकू आला. पुष्कळ दिवसांनी.

पुढच्या रविवारी रंजिताबरोबर निर्मलाबाईची नूतन आली. त्याच्या पुढच्या रविवारी पाच जण. मग अकरा. सकाळी नऊ ते साडेदहा, रस्त्याकडच्या खोलीत, खोके भिंतीला सरकवून.

जसोदाबाईने आधी विचारले होते. "गोया लेकरं खातीन?"

"नाही. खायला नाहीत."

"उंबराना आत एकबी गोयी तोंडमा जावाले नको."

"नाही जाणार."

"मंग कर." म्हातारीने इतकेच म्हटले. खोक्यातल्या गोळ्या हा तिच्या लेखी माल होता, गोड नव्हते. माल घरात असायला हरकत नाही. खत असते, कापूस असतो, तसा.

मुले उंबऱ्याच्या आत गोळी तोंडात घालत नसत. उंबऱ्याबाहेर पहिले पाऊल पडताच गालफडे फुगत, ते कामिनीला दिसे, पण तो तिचा प्रांत नव्हता.

खोलीत शाळेची मराठी आणि ओट्यावर अहिराणी, अशी एक वाटणी आपोआप पडली. चिंचेची गोळी पाण्यात विरघळवून त्यात खाण्याचा सोडा टाकला की फसफस वर येई. आंब्याच्या गोळीला येत नसे. एकच गोळी गार पाण्यात आणि तिची जुळी गरम पाण्यात टाकून मुले घड्याळ लावून बसत. शीतपेयाच्या बाटलीत पेपरमिंट टाकल्यावर जो फवारा उडाला त्याने नानांचे वाळत घातलेले धोतर भिजले. नाना बाहेर येऊन म्हणाले, "शाळा शे का गॅसना कारखाना शे?" आणि आत गेले. मुले पोट धरून हसली. कामिनी हसली नाही, पण तिने धोतर पुन्हा धुऊन वाळत घातले.

वहीत लिहिण्याचा तिचा एक नियम होता. "काय दिसलं ते लिहा. काय वाटलं ते नको." एका मुलाने लिहिले, मला खूप मजा आली. तिने ते खोडले. "मजा कुठे दिसली? किती बुडबुडे आले ते लिही." त्या दीड तासात तिलाही कोणी काही विचारत नसे, ते पाण्याबद्दल विचारत, रंगाबद्दल, बुडबुड्यांबद्दल. बाकीचा आठवडा ती त्या दीड तासाकडे चालत असे. ते नसते तर पुढचा रविवार आणि मागचा रविवार यांत फरक राहिला नसता.

फाल्गुन तोंडावर आला. मुलांनी ठरवले की गोळ्यांचे स्फटिक करायचे. कामिनीने आंब्याच्या गोळ्या कुटून गरम पाण्यात विरघळवल्या, दोरा सोडला, आठ दिवस ठेवला. काही झाले नाही. नुसता चिकट रस, आणि त्यात बुडून मेलेली एक माशी. असे का, हे तिला शनिवारी भांडी घासताना आठवले: गोळ्यांमध्ये नुसती साखर नसते, ग्लुकोजचा पाकही घालतात, म्हणजे गोळीचे स्फटिक होऊ नयेत. गोळी गुळगुळीत राहावी म्हणून केलेली योजना. साधी साखरच हवी. रंगापुरत्या दोन गोळ्या पुरतील.

रविवारी सकाळी जसोदाबाई मजुरांच्या भाकरी घेऊन केळीच्या बागेत गेलेली. कामिनीने घरातला साखरेचा डबा काढला. दुधाचे पातेले गॅसवर ठेवले. एक वाटी पाण्याला तीन वाट्या साखर. अकरा मुले स्वयंपाकघराच्या दाराशी ओळीने उभी. तिने त्यांना आत येऊ दिले नाही, उकळती साखर हाताला चिकटली तर कातडी घेऊन निघते. ती ढवळत राहिली. पाणी जितकी साखर घेईल त्याहून जास्त त्यात बसवायची, मग थंड होताना ती बाहेर यायला धडपडेल आणि दोऱ्यावर जागा धरेल. असे मुलांना सांगताना तिच्या मनात पाक हा शब्द आला नाही. शपथेवर. ती द्रावण करत होती. आपण काय करतो आहोत हे तिला पुरते ठाऊक होते, आणि आपण काय करतो आहोत हे तिला मुळीच ठाऊक नव्हते.

अकरा काचेचे पेले मुलांनी घरून आणले होते. प्रत्येकावर नावाची चिठ्ठी. आडव्या काडीला दोरा बांधून, ओला करून, साखरेत लोळवून सोडला. वर फडके. आठ दिवस कोणी हलवायचे नाही.

पुढच्या रविवारी फडकी उचलली तर अकराही दोऱ्यांवर साखर चढली होती. पिवळी, नारिंगी, फिकट गुलाबी. उन्हात धरली तर कडा चमकणारी. खोलीत एकच गलका झाला. कामिनीने सगळ्यांना आपापला दोरा घरी न्यायला सांगितला. घरच्यांना दाखवा, मोजपट्टी लावून सगळ्यात मोठा स्फटिक मोजा आणि लिहून आणा.

मुले गेली. होळीला चार दिवस होते. शहाद्याच्या बाजारात हार-कंगनांची दुकाने लागली होती. साच्यात ओतलेल्या साखरेचे हार, पांढरे आणि गुलाबी, दोऱ्यात ओवलेले. होळीला मामाने आणायचे, मुलांच्या गळ्यात घालायचे. सात वर्षांच्या नूतनने घरी जाऊन आरशात पाहिले आणि आपल्या साखरेच्या दोऱ्याला दुसरा दोरा जोडून तो गळ्यात घातला. तसाच घालून ती ओट्यावर आली. ओट्यावर तिची आजी कौसाबाई गहू पाखडत होती.

"हार कोठलीन लयना व?"

"रंजीच्या आईनं केला. घरी. गॅसवर."

कौसाबाईच्या हातातले सूप थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी निर्मलाबाई आली. ती ओट्याखालीच उभी राहिली. हातात वहीच्या कागदात गुंडाळलेले काहीतरी.

"वहिनी, राग मानू नको व. मन्हा मनमा काहीच नही. पन सासू काल दुपारपाईन धरी बसनी. दुखना घरना हार मन्ही नातना गयामा काबरं, म्हनस. वरीस नही भरनं, आनि पाक व्हयना."

"हार नाही तो," कामिनी म्हणाली. "प्रयोग शे."

"माले समजस. तिले कोन समजाडी?"

तिला समजावायची गरज नव्हती, कारण तिला सगळे ऐकू येत होते. समोरच्या ओट्यावरून कौसाबाई ओरडली, "प्रयोग म्हने! साखर ती साखरच शे ना? का कॉलेज शिकनं म्हनजे ती मिठी लागत नही?"

दुपारपर्यंत ओट्यावर अशा नऊ पुड्या जमल्या. कोणी हातात दिली, कोणी नुसती ठेवून गेले. दोन राहिल्या. एक रंजिताची, ती घरातच होती. दुसरी ज्या मुलाची, त्याची आई तापीबाई रिकाम्या हाताने आली आणि कपाळावर हात मारून म्हणाली, "आमना पोऱ्यानी ते रातलेच खाई टाकी. आते काय करू, पोट फाडू?" कोणी हसले नाही, म्हणून तीही न हसता गेली.

जसोदाबाईला असे कळले. ती ओट्यावरच्या पुड्यांपाशी उभी राहिली, मग स्वयंपाकघरात आली.

"पाक कसामा करा?"

"दूधना पातेलामा."

"मी कोठे व्हती?"

"तुम्ही बागमा व्हतात."

म्हातारीने पातेले खाली काढले. राख घेऊन घासले. धुतले, परत घासले. तिसऱ्यांदा घासताना कामिनी जवळ गेली तर तिने कोपराने दूर केले. रागाने नव्हे, वाटेतले काही सारावे तसे. पातेले पालथे घालून ती आपल्या खाटेवर जाऊन बसली.

संध्याकाळी नाना जेवून उठताना बोलले. मोठ्याने नाही, नाना मोठ्याने बोलत नसत. "आते बस. खोली बंद. दोंडाईचाना येपारी या आठोडामा माल उचली लई जाई, मी सांगी देल शे. लोकेसनी लेकरं, लोकेसना घर. आपले का करनं?"

"बरं," कामिनी म्हणाली.

अकरा महिने ती प्रत्येक गोष्टीला बरं म्हणत आली होती. ललितचे कपडे देऊन टाकू? बरं. टेम्पो विकू? बरं. हा शब्द तोंडातून जायला वेळ लागत नसे. आज तो गेला, पण जाताना कुठेतरी लागला. ती उष्टी ताटे उचलत राहिली आणि पुढच्या रविवारचे नऊ वाजलेले तिला दिसले. नऊ, सव्वानऊ, साडेनऊ. रिकामी खोली, झाडलेली. मग त्याच्या पुढचा रविवार. मग वीस दिवसांनी हेमकांत, त्याच्या हातात पुडा, आणि सगळ्यांचे डोळे तिच्या तोंडाकडे.

मंगळवारी सकाळी जसोदाबाईने पुड्यांकडे बोट दाखवले. "तापीमा सोडी ये. उकिरडावर नको टाकू, अन्न शे."

कामिनी परसदारच्या पायरीवर पुड्या घेऊन बसली. कागद नदीत जायला नको म्हणून एकेक सोडू लागली. कागदांवर मुलांची अक्षरे होती. एकावर लिहिले होते, सगळ्यात मोठा नऊ मिलिमीटर. दुसऱ्यावर, आमचा एक सेंटिमीटर पण आजीने मोजू दिला नाही. दोरे तिने पितळी ताटात ठेवले. ऊन परसात येऊन पोहोचले होते. पिवळ्या दोऱ्यावरचा एक स्फटिक तिने नखाने काढला, हातात धरला. सहा बाजू नीट पडलेल्या. मुलांनी हलवले नसेल, चांगली मुले.

तिने तो तोंडात टाकला.

ठरवून नव्हे. अकरा महिने अन्न तिच्या तोंडात ओल्या कागदासारखे फिरून खाली जात असे, आणि हेही तसेच जाईल असे तिने गृहीत धरले होते. ती साखर गोड लागली. सरळ, पूर्वीसारखी, लहानपणी लागे तशी गोड. आणि मागून लिंबाच्या गोळीची किंचित आंबट चव. कामिनीला राग आला. जिभेला कोणी विचारले होते? एवढे सगळे झाले आणि जिभेला काहीच कळले नाही?

एकदा झाले तर तो प्रयोग नसतो, हे तिनेच मुलांना सांगितले होते. तिने नारिंगी दोऱ्यावरचा तुकडा काढला. गोड. गुलाबी. गोड. ती दातांखाली फोडत गेली. चौथा तुकडा तोंडात असताना दारात सावली पडली.

"काय खाई ऱ्हायनी?"

"साखर."

जसोदाबाई बघत उभी राहिली. सुनेच्या हनुवटीला लागलेला कण, ताटातले उघडे दोरे.

"तुन्हा भाऊ येनार व्हता."

"हा."

"वीस दिन ऱ्हायनात."

"माले ठाऊक शे."

म्हातारी चौकटीला हात लावून हळूहळू खाली बसली. गुडघे वाजले. दोघींच्या मध्ये ताट. पलीकडच्या वाड्यात कोणाची तरी म्हैस पाणी पीत होती, त्याचा आवाज येत होता.

"कसी लागनी?"

"गोड."

"गोडच?"

"गोडच."

जसोदाबाईने मान हलवली, जणू अशीच बातमी येणार हे तिला माहीत होते. "माले वाटे, तुले काहीच लागत नही. दाळ निवडत बसनी ना तू तव्हय. निर्मलानी सांगं माले. मी कोन्हाले बोलनू नही." ती थांबली. "मीबी त्या दिन म्हैसना पान्हा उतरना का नही ते पाहेल व्हतं. तू सांगं तरी. आधी दूध काढं."

कामिनीने तिच्याकडे पाहिले. म्हातारी ताटाकडे पाहत होती.

"आते दुख उठनं," जसोदाबाई म्हणाली. "तू उठाडं. जे रडनं ऱ्हायनं ते ऱ्हायनं. आते ते काढाले कोन्ही येनार नही. समजनं?"

"समजनं."

"नही समजनं. समजी मंग." तिने चौकट धरून स्वतःला उठवले आणि घरातून सरळ पुढच्या ओट्यावर गेली. कामिनी मागोमाग दारापर्यंत आली. समोर कौसाबाई, अजून दोघी-तिघी.

"कौसा! आयकी ले. आमना घरनं तोंड गोड व्हई गयं. सकायले मीच सूनना तोंडमा साखर घाली."

"तू?" कौसाबाई उभीच राहिली. "आनि तिना भाऊ?"

"पोऱ्या मन्हा मरना, तिना भाऊना नही."

"पन वरीस कोठे भरनं व जसोदा? अजून वीस दिन..."

"तुन्हं नसी भरनं. मन्हं भरनं." म्हातारीने पदर खांद्यावर नीट घेतला. "ज्यास्ले लेकरं धाडनी त्यास्नी धाडा. ज्यास्ले नही त्यास्नी घरमा बांधी ठेवा. आते मन्हा घरनी साखर कोन्हाले बाधनार नही."

कौसाबाईने खाली बसून सूप पुढे ओढले आणि जोरात पाखडू लागली, इतके की कोंड्याऐवजी गहूच उडाले.

जसोदाबाई आत आली ती कामिनीकडे न पाहता. तो दिवसभर ती खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडून होती. जेवली नाही. तिने स्वतः त्या साखरेचा कण तोंडात घातला नव्हता, हे कामिनीने पाहिले होते. पण गावाला ते पाहायची गरज नव्हती.

नानांनी सगळे ऐकले होते. दोंडाईच्याच्या व्यापाऱ्याला त्यांनी फोन केला. "राहू द्या," ते म्हणाले, व्यापाऱ्याशी ते नेहमी पुस्तकी बोलत, "माल घरीच लागतो आहे." दुपारी कामिनीने हेमकांतला फोन लावला.

"पेढे आणू नको रे."

"का गं ताई? काय झालं?"

"झालं. तोंड गोड झालं."

"मग मी येऊ की नको?"

"ये की. होळीलाच जेवायला ये. रंजीला होळीचा हार आण."

"तू कशी आहेस?"

तिने खरेच विचार केला. "बरी आहे," ती म्हणाली, आणि हे खरे की खोटे हे तपासायला तिच्यापाशी काही नव्हते. आता ते दाखवायचेही नव्हते. सगळ्यांच्या हिशेबी तिचे दुःख रीतीने झाले, भरले आणि उठले. इथून पुढे ती कधी एखाद्या आडवारी, भांडी घासताना, रडलीच, तर लोक विचारतील, काय झालं आता?

रविवारी नऊ वाजता तिने खोली उघडली, थाळ्या मांडल्या आणि कोमट पाण्याचा तांब्या भरून ठेवला. सव्वानऊपर्यंत कोणी आले नाही. मग तापीबाईचा मुलगा आला, पोटावर हात चोळत. मग बहीणभाऊ दोघे. मग नूतन, आणि तिच्या मागे कौसाबाई, जी आत आली नाही, पण ओट्यावर जसोदाबाईपासून हातभर अंतर ठेवून बसली. "पाहूत काय शिकाडस ते," ती कोणालाही उद्देशून न बोलता म्हणाली. जसोदाबाईने सुपारी कातरून अडकित्ता तिच्याकडे सरकवला.

रंजिता धरून पाच. बाकीच्या सहांची वाट कामिनीने साडेनऊपर्यंत पाहिली. मग लिंबाची गोळी आणि पेपरमिंट, दोन्ही एकाच वेळी पाण्यात टाकून कोणती आधी विरते ते बघायला सांगितले. मुलांनी घड्याळ लावले. कोणी काही विचारले की ती सांगत होती. बाकी वेळ पाण्याकडे पाहत होती. लिंबाची गोळी कडेने झिजत पारदर्शक होत गेली, मग काडीएवढी, मग नव्हती.

मुले गेल्यावर तिने थाळ्या धुतल्या. अकरा थाळ्यांना अकरा वाजून जायचे. पाच थाळ्या पावणेअकरालाच धुऊन झाल्या. तिने त्या पुसून एकावर एक रचल्या, फरशी पुसली, खोलीचे दार उघडेच ठेवले. समोर उरलेला रविवार होता.